तलंगांत जुनी कोंबडी घालावी का?



मागच्या बैठकीत कापसाच्या भावावर दोन तास बोलणे झाले. उठता उठता एका बाईने विचारले, "भाऊ, माझी वीस पिल्ले दोन महिन्यांची झाली. अंड्यावर यायला अजून चार महिने आहेत. तोवर बाजारातून तीन चालू कोंबड्या आणून त्यांच्यात सोडू का?" मागे बसलेले काही जण हसले. हसण्यासारखे त्यात काय होते? कापसाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात. अंड्याचा पैसा बाईच्या हातात पडतो आणि पोरांची वही-पेन्सिल त्यातूनच येते.

माझे उत्तर होते, नको. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझी मुलगी रोह्याजवळच्या एका गावात दिली आहे. तिकडे कापूस नाही, ज्वारी नाही. भात निघाला की त्याच ओलीवर वाल, एवढेच. पण परसातली कोंबडी आपल्यापेक्षा जास्त. थंडीत वालाच्या शेंगा आणि कोंबडी मडक्यात घालून पोपटी लावतात. आखाड सरता सरता गटारीला गावठी कोंबडीचा भाव चढतो. मुंबई जवळ, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही.

मुलीने वनराजाची वीस पिल्ले वाढवली होती. दोन महिने झाल्यावर तिलाही हीच घाई झाली. बाजारातून तीन कोंबड्या आणल्या. तुरा लाल, पिसे चकचकीत. त्याच रात्री खुराड्यात घातल्या. सकाळी दोन पिल्लांची डोकी टोचून रक्ताळलेली. ते एक वेळ निभावले असते. आठवड्याभराने पिल्ले हिरवट हगू लागली, पेंगू लागली, माना पिरगळू लागली. मानमोडी. विसातली चार उरली आणि आणलेल्या तिन्ही कोंबड्या ठणठणीत! मोठी कोंबडी लसीने किंवा जुन्या दुखण्याने तयार झालेली असते. ती स्वतः पडत नाही, पण तिच्या विष्ठेतून रोग बाहेर पडू शकतो. रक्ती हगवणीचेही तसेच.

चूक आमचीही होती. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लसीचा थेंब टाकला होता, सहाव्या ते आठव्या आठवड्यातले इंजेक्शन राहून गेले होते. विकणाऱ्याला शिव्या देऊन काय मिळणार? दुभती म्हैस बाजारात कोण आणतो? एक तर अडलेला, नाही तर तिची खोड ठाऊक असलेला. अंड्यावरच्या कोंबडीचे वेगळे काही नाही.

आता हिशोब. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते. दहा-पंधरा अंडी घालायची आणि खुडूक बसायचे, ही तिची रीत. सत्तर धरली तरी तिघींची वर्षाची 210. चार महिन्यांची 70. आणि पणाला काय लावले? वीस पिल्लांत दहा तलंगा निघाल्या आणि एकेकीने शंभर जरी अंडी दिली, तरी वर्षाची हजार. सत्तर अंड्यांसाठी हजार अंडी! जुगारी माणूससुद्धा असा डाव लावणार नाही.

दाण्याचीही अडचण आहे. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी चुना जास्त घालतात. तेच खाद्य वाढीच्या पिल्लांनी रोज खाल्ले तर मूत्रपिंडे बिघडतात. मुलीची सासू शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवते. मोठी कोंबडी हवा तेवढा टिपते, पिल्ले बहुधा त्याला तोंड लावत नाहीत. ही युक्ती मला आवडली. (पावसात काळी पडलेली ज्वारी मात्र पिल्लांना टाकू नका. बुरशी त्यांना मारते.)

बर्ड फ्लूही विसरू नका. 2021 च्या जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या. 2025 च्या जानेवारीत पेणच्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेरला तो आला. परसातल्या कोंबड्याही मारून टाकाव्या लागल्या. सरकार मारते त्या पक्ष्याची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेला त्याची नाही. आसपास अशी बातमी असेल तेव्हा बाजाराची कोंबडी उंबऱ्याच्या आत नको.

मग मोठी कोंबडी कधीच आणू नये? तसे नाही. जिच्या घरची कोंबडी आपण वर्षभर पाहिली आहे, जिच्याकडे कोंबड्या मेलेल्या नाहीत, तिच्याकडून जरूर घ्या. पण आणल्यावर महिनाभर वेगळी, लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. आधी आपल्या पिल्लांना दाणापाणी, मग तिला. त्याच पायांनी परत पिल्लांत जायचे नाही. पिल्लांची दुसरी लस झाली पाहिजे आणि ती अंगाने तिच्या बरोबरीची झाली पाहिजेत, म्हणजे चौथा महिना उलटला पाहिजे. मग आठ दिवस मधे जाळी लावून एकमेकांना बघू द्या आणि रात्री अंधार पडल्यावर एकत्र करा. तरी थोडी टोचाटोची होईल, तेवढी चालायची.

इतके सगळे करायचे तर तोवर आपल्याच तलंगा अंड्याला येतात, असे ती बाई म्हणाली. खरे आहे.

मुलीने यंदा पुन्हा वीस पिल्ले घेतली आहेत. दुसरे इंजेक्शन वेळेवर झाले. सासूने पेणला भावाच्या घरून एक कोंबडी आणली आहे. ती गोठ्यापलीकडे डालग्याखाली आहे. आज तिचा बारावा दिवस.