रबर स्वस्त आहे हो, पण मिळतंय कुठे?

परवा हरसूलहून येताना गाडी बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं, प्लगला स्पार्क होता, पण कार्ब्युरेटरखालून पेट्रोल टपटप गळत होतं. कॉक बंद केला आणि एका भल्या माणसाच्या पिकअपमध्ये गाडी टाकून नाशकात आणली.

मिस्तरींनी कार्ब्युरेटर खोलला. खालच्या वाटीची ओ-रिंग फुगली होती. एकदा बाहेर काढल्यावर ती खाचेत परत बसेचना. दोन कटिंग चहाच्या पैशात येणारी वस्तू. काउंटरवर विचारलं, तर कॉम्प्युटरकडे बघून उत्तर मिळालं, "साहेब, मॉडेल बंद झालंय." अकरा दिवस गाडी गॅरेजला उभी. शेवटी मिस्तरींनी दुसऱ्याच गाडीच्या किटमधली रिंग मापून बसवली. गाडी पहिल्या किकला सुरू.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्टच नाही.

आपल्याकडे डांबरी आणि कच्चा, दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या एक सिलिंडरच्या गाड्या फार आल्याच नाहीत. 2011 मध्ये 150 सीसीची हिरो इम्पल्स आली आणि काही वर्षांतच बंद झाली. 2016 मध्ये 411 सीसीची रॉयल एन्फिल्ड हिमालयन आली. 2023 च्या शेवटी 450 ची आल्यावर तीही मागे पडली. 2019 पासून एक्सपल्स आहे. ज्यांना वाटतं या गाड्या म्हणजे रविवारी रील काढणाऱ्यांचा शौक, त्यांनी एकदा पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे चक्कर मारावी. पाड्यावरच्या शाळेत जाणारे गुरुजी, दूध घालणारा पोरगा, आरोग्य उपकेंद्रावरचा कर्मचारी यांना उंच आणि लांब शॉकअपची गाडी ही गरज आहे. आणि यातले बरेच जण सेकंडहँडच घेतात. नवीन परवडत नाही.

आता मुद्द्याचं. देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आपल्याच जिल्ह्यातला मका आणि ऊस त्यात जातो, शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. हे मी नाही, सरकारच सांगतंय. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्पष्टीकरण दिलं, की काही जुन्या गाड्यांमध्ये 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, पण ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातात.

मान्य. स्वस्त आहेत. पण मिळतात कुठे? पेट्रोल बदलायचा निर्णय दिल्लीत झाला, मग त्यासाठी लागणारी रिंग नाशकातल्या काउंटरवर पोचवायची जबाबदारी कोणाची? नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं, की जुन्या गाड्यांसाठी 10 टक्केवालं पेट्रोलही चालू ठेवावं. आपल्या कोणत्या पंपावर तुम्हाला असा पर्याय दिसला?

दुसरी गोष्ट कागदाची. खासगी गाडीचं आरसी 15 वर्षांचं असतं. म्हणजे 2011 च्या गाड्यांचं 2026 मध्ये संपतं. "15 वर्षं झाली, आता भंगारात" ही कट्ट्यावरची अफवा आहे. आपल्याकडे खासगी गाडी तपासणी करून पाच वर्षांसाठी रिन्यू होते. दुचाकीची फी 300 होती, एप्रिल 2022 पासून 1000 झाली. वर पर्यावरण कर. एचएसआरपी प्लेटही आपण रांगा लावून बसवल्या. सगळं भरतोय, कुरकुर नाही. पण गाडी तपासणीला न्यायची तर ती दुरुस्त हवी, आणि दुरुस्त व्हायला पार्ट हवा. एकीकडे तंदुरुस्तीची अट घालायची आणि दुसरीकडे पार्ट बंद, याला गाडी भंगारात ढकलणंच म्हणतात. फक्त तोंडाने म्हणत नाहीत एवढंच.

"जुन्या गाड्या धूर ओकतात," असं कोणीतरी खाली लिहिणारच. खरं आहे. बीएस-3 गाडी बीएस-6 पेक्षा जास्त प्रदूषण करते, वाद नाही. म्हणूनच निळा धूर मारणारी गाडी रस्त्यावर नकोच. रिंग-पिस्टन बघा, व्हॉल्व्ह सील बघा, पीयूसी खरी काढा, पाकीट देऊन नको. गाडी वयावर नाही, अवस्थेवर तपासा, एवढंच म्हणणं आहे.

आणि थोडं आपलंही चुकतं. महिना-महिना गाडी उभी ठेवतो आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करत नाही. पेठ रोडच्या चिखलातून आल्यावर पुढच्या फोर्कच्या नळ्या पुसत नाही, मग ऑइल सील फाटलं की कंपनीला शिव्या. मोनोशॉकच्या लिंकेजला ग्रीस कधी लावलं ते आठवत नाही. सिंहस्थाची खोदकामं चालू आहेत, धूळ किती आहे ते बघतोच आपण. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर उघडून बघा. टॅपेटचा आवाज आला तर गाणी लावून झाकू नका.

नाशिकला तर याची लाज वाटायला हवी, कारण हे गाव मुळात मिस्तरींचं. सातपूर-अंबडला लेथवर आयुष्य काढलेली माणसं आहेत. मायकोच्या नावाचा सर्कल आहे आपल्याकडे! बुश टर्न करून देणारा, बोअर मारून देणारा हात इथे आहे. नाही ती फक्त माहिती. कोणत्या गाडीची कोणती रिंग कोणाला बसते, हे त्या एका मिस्तरींच्या डोक्यात आहे. ते उद्या दुकान बंद करून गावी गेले, की गेलं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल आहे, हक्काला दात नाहीत.

मागण्या तीनच.

1. मॉडेल बंद झाल्यावर किमान 15 वर्षं, म्हणजे आरसीच्या मुदतीएवढी तरी, सुटे भाग देणं बंधनकारक करा. ज्या भागाला पर्याय बसतो त्याची यादी कंपनीने जाहीर करावी.

2. इथेनॉलला टिकणारं रबर किट जुन्या मॉडेलांसाठी काढा. तोवर शहरात दोन-चार पंपांवर तरी 10 टक्केवालं पेट्रोल ठेवा.

3. आयटीआयच्या पोरांना कार्ब्युरेटर शिकवणं थांबवू नका. अशा गाड्या अजून बरीच वर्षं चालणार आहेत.

आमदार-खासदार मंडळी उद्घाटनांतून मोकळी झाली, तर त्यांनी यातली एक तरी उचलावी.

तुमच्याकडे बंद मॉडेलची गाडी असेल, तर कोणता पार्ट कशाचा बसला ते खाली लिहा. मॉडेल आणि वर्ष नक्की टाका. यादी मी करतो. कंपनी करेपर्यंत आपली आपणच करू.