नोकरी सांभाळून वकिली: स्वस्त जाहिरात आणि महाग वास्तव

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की गोव्यातील नोकरदारांच्या मोबाईलवर एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातींची गर्दी होते. ‘नोकरी सोडू नका, घरबसल्या कायद्याची पदवी घ्या, शुल्क हप्त्यांत भरा’, असा त्यांचा साधारण मजकूर असतो. पतसंस्थेतील लिपिक, पंचायत कार्यालयातील कर्मचारी, औषध कारखान्यातील पर्यवेक्षक, पर्वरीत भाड्याच्या खोलीत राहून खासगी नोकरी करणारी तरुणी, अशा अनेकांना ती जाहिरात आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटते. कायद्याचे शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा खोटी नसते. प्रश्न आहे तो विकल्या जाणाऱ्या वस्तूचा. वकिलीची सनद मिळवून देणारी ऑनलाईन एलएल.बी. भारतात अस्तित्वातच नाही.

ही गोष्ट जाहिरातीत स्पष्ट शब्दांत लिहिलेली नसते, म्हणून ती आधी नीट समजून घेतली पाहिजे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने विधि शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिला. या परिषदेने २००८ मध्ये केलेल्या विधि शिक्षण नियमांत ‘नियमित अभ्यासक्रमा’ची व्याख्या आहे. रोज किमान पाच तास सलग अध्यापन, त्यात अर्ध्या तासाची अतिरिक्त सुटी आणि आठवड्याला किमान तीस तासांचे कामकाज, असा तिचा आशय आहे. परीक्षेला बसण्यासाठी सत्तर टक्के हजेरी लागते. पूर्णतः निवासी नसलेल्या महाविद्यालयांनी वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यावेत, असेही नियम सांगतात. दुसरीकडे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षणविषयक २०२० च्या नियमावलीनुसार वैद्यक, अभियांत्रिकी अशा शाखांप्रमाणेच विधि शाखेचे पदवी शिक्षणही या मार्गाने देता येत नाही. म्हणजे दोन वेगवेगळ्या नियामकांनी एकाच दाराला दोन कुलुपे लावली आहेत.

या नियमांचा नोकरदाराच्या दिनक्रमाशी मेळ घालून पाहिला, तर अडचण किती मूलभूत आहे हे ध्यानात येते. सकाळी साडेनऊच्या सुमारास कामावर पोहोचणारा आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सुटणारा कर्मचारी घ्या. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते सात, असे दोन तास त्याला मोकळे मिळतात. प्रवासाला शून्य मिनिटे लागतात असे गृहीत धरले, तरी पाच दिवसांचे दहा तास होतात. शनिवारी सुटी असेल आणि त्या दिवशी तो आठ तास वर्गात बसला, तर बेरीज अठरावर जाते. तीस तासांच्या सत्तर टक्के म्हणजे एकवीस. वाळपई किंवा काणकोणहून कदंबच्या बसने रोज ये-जा करणाऱ्याचे गणित तर मांडायलाच नको.

याचा अर्थ नोकरी करणारे कायदा शिकत नाहीत, असा मात्र नव्हे. ते शिकतात, पण बहुतेकांना त्यासाठी काही तरी लपवावे लागते. कोणी कार्यालयातून लवकर निघण्यासाठी वरिष्ठांची मर्जी सांभाळतो. कोणी रात्रपाळी मागून घेतो आणि दिवसा वर्गात पेंगतो. कोणी राज्याच्या सीमेपलीकडे ‘हजेरीची चिंता करू नका’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागतो. या शेवटच्या वाटेवरचा धोका आता पूर्वीपेक्षा वाढला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने काढलेल्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याला अंतिम गुणपत्रिका व पदवी मिळण्यापूर्वी काही गोष्टी जाहीर कराव्या लागतात. शिक्षण चालू असताना नोकरी केली का, केली असल्यास मालकाचा ना हरकत दाखला घेतला होता का, त्याच वेळी दुसरा नियमित अभ्यासक्रम केला का, हे प्रश्न त्यात आहेत. महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गांत कॅमेरे बसविण्याचे निर्देशही त्याच परिपत्रकात होते. तीन वर्षांचे कष्ट एका खोट्या घोषणापत्रावर उभे करणे किती जोखमीचे आहे, हे कायदा शिकणाऱ्याला तरी वेगळे सांगावे लागू नये.

परिषदेच्या कठोरपणामागे कारणे नाहीत असे म्हणता येणार नाही. बनावट पदव्यांच्या आधारे वकिली करणाऱ्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीवर देखरेख ठेवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शिवाय कायदा केवळ पुस्तकातून येत नाही. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, मसुदा कसा लिहावा, समोर बसलेल्या अशिलाच्या बोलण्यातून वादाचा मुद्दा कसा वेगळा काढावा, हे माणसांच्या सहवासातच शिकता येते. अभिरूप न्यायालयाची तालीम एकट्याने पडद्यासमोर बसून होत नाही. हे आक्षेप रास्त आहेत. मात्र हे सारे काम सोमवार ते शुक्रवार भर दुपारीच का व्हावे, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

या नियमांतील विसंगती कोविडच्या काळात उघड झाली. २०२० पासून दीर्घ काळ देशभरातील विधि महाविद्यालयांचे वर्ग ऑनलाईनच भरले. त्या काळात शिकलेल्यांना पदव्या मिळाल्या, सनदा मिळाल्या आणि ते आज न्यायालयांत उभे राहत आहेत. न्यायालयांनीही तेव्हा स्वीकारलेली दूरदृश्य सुनावणी आणि ई-फायलिंग पुढे चालू ठेवले. न्यायमूर्तींसमोर पडद्यावरून युक्तिवाद चालतो. करार कायद्यावरचे व्याख्यान मात्र पडद्यावरून चालत नाही. शिवाय पदवीनंतरची चाळणी म्हणून अखिल भारतीय बार परीक्षा आहेच. २०१० पासून लागू असलेली ही परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. बाहेर पडण्याच्या दारात परीक्षा असेल, तर आत बसण्याच्या तासांचा हट्ट थोडा सैल करता येतो. त्यासाठी ती परीक्षा अधिक कसदार करावी लागली, तरी ते काम विद्यार्थ्यांना दारातच अडविण्यापेक्षा बरे.

इतर देशांनी हा तिढा वेगवेगळ्या रीतींनी सोडविला आहे. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाह्य विद्यार्थ्यांना पदव्या देत आले आहे आणि कायद्याची पदवी त्यांत आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी सामायिक पात्रता परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव ही चौकट आली. तिथे उमेदवाराने पदवी कोणत्या वेळी आणि कोणत्या पद्धतीने घेतली, याला दुय्यम स्थान आहे. दक्षिण आफ्रिका विद्यापीठ ही तर दूरशिक्षणाचीच संस्था. नेल्सन मंडेला यांनी १९८९ मध्ये, कारावासात असताना, कायद्याची पदवी मिळवली ती याच विद्यापीठातून. यांपैकी कोणत्याही देशाने वकिलीचा दर्जा वाऱ्यावर सोडलेला नाही. त्यांनी कसोटी वर्गाच्या दारातून काढून व्यवसायाच्या दारात नेली, इतकेच.

गोव्याला तर हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. पोर्तुगीज अमदानीत इथे विधि महाविद्यालय नव्हते. पदवी हवी तर कोइंब्रा किंवा लिस्बन गाठावे लागे आणि ते मोजक्या घराण्यांनाच परवडे. म्हणून पदवी नसलेल्या, पण परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या ‘प्रोव्हिझनारियु’ वकिलांचा वर्ग इथल्या न्यायालयांत वावरत असे. शेजारच्या ब्रिटिश मुलखातही महाविद्यालयाची पायरी न चढता परीक्षेतून सनद मिळवलेले वकील होते. लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचे खासगी वर्ग चालविले, ते अशाच परीक्षार्थींसाठी. ती पद्धत जशीच्या तशी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण दूरचे शिक्षण न परवडणाऱ्यांसाठी पर्यायी वाट असावी, ही जाण त्या काळातही होती.

आज गोवा विद्यापीठाशी संलग्न अशी दोन जुनी विधि महाविद्यालये राज्यात आहेत, एक मिरामारला आणि दुसरे मडगावला. खासगी विद्यापीठांच्या मानाने त्यांचे शुल्क आवाक्यातले आहे. परंतु नोकरदारासाठी शुल्क हा खर्चाचा लहान भाग असतो. महिना पंचवीस हजार रुपये मिळवणाऱ्याने तीन वर्षे नोकरी सोडली, तर नऊ लाख रुपयांचे उत्पन्न बुडते. घरात म्हातारे आई-वडील आणि बँकेचा हप्ता असेल, तर हा आकडा कोणत्याही शिष्यवृत्तीने भरून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये राज्यांच्या बार कौन्सिलांना सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या शुल्काहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. खुल्या प्रवर्गासाठी साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे रुपये, अशी ही रक्कम आहे. त्याआधी काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला होता. दुर्बल घटकांतील तरुणांना अशा आकारणीने व्यवसायाबाहेर ठेवले जाते, ही त्या निकालामागची भूमिका होती. दारातले शुल्क कमी झाले. दारापर्यंत पोहोचण्याची किंमत तशीच राहिली.

याची झळ केवळ त्या तरुणांनाच लागते असे नाही. गोव्यातील सामान्य कुटुंबाचा कायद्याशी येणारा संबंध इतर राज्यांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा, त्यातून आलेला वारसाहक्क व इन्व्हेंतारचा २०१२ चा कायदा, १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, कोमुनिदादींचे वेगळे नियम, असा हा पसारा आहे. मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षे फायली हाताळणाऱ्या कारकुनाला, पंचायतीच्या सचिवाला किंवा बँकेत तारण दस्तऐवज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला या पसाऱ्याचे जे व्यवहारज्ञान असते, ते बारावीनंतर थेट आलेल्या विद्यार्थ्याकडे नसते. अशी माणसे वकिलीत आली, तर मुंडकाराला त्याची भाषा जाणणारा आणि त्याच्या खिशाची कल्पना असणारा वकील मिळू शकेल. आजचा नियम नेमक्या त्यांनाच वगळतो.

मग मार्ग काय? पूर्ण ऑनलाईन पदवीची मागणी करण्यापेक्षा मिश्र पद्धतीची मागणी अधिक व्यवहार्य ठरेल. सैद्धांतिक व्याख्याने संध्याकाळी सातनंतर किंवा ऑनलाईन. मसुदालेखन, अभिरूप न्यायालय आणि न्यायालयभेटी शनिवार-रविवारी प्रत्यक्ष. आणि अभ्यासक्रम तीनऐवजी चार वर्षांचा, अशी रचना करता येईल. शिकण्याचे एकूण तास कमी न करता ते अधिक काळावर पसरले, तर दर्जाविषयीच्या आक्षेपातील जोर ओसरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेने नव्या विधि महाविद्यालयांना तीन वर्षांची स्थगिती दिली असून पूर्वपरवानगीशिवाय नव्या तुकड्या व अभ्यासक्रमांनाही मज्जाव केला आहे. त्यामुळे असा प्रयोग परिषदेच्या संमतीनेच होऊ शकतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या न्यासाने उभारलेले विधि विद्यापीठ २०२२ च्या गोवा विधानसभेच्या कायद्याने याच राज्यात स्थापन झाले आहे. राज्याने त्यासाठी कायदा केला, तेव्हा स्थानिक नोकरदारांसाठी एक मर्यादित, देखरेखीखालील तुकडी प्रायोगिक तत्त्वावर चालवावी, असा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार राज्य सरकारला आहे.

हालचालीची चिन्हे थोडी दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपुऱ्या हजेरीमुळे विधि शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे निर्देश देऊन हजेरीच्या निकषांचा फेरविचार करण्यास परिषदेला सांगितले. मात्र तो निर्णय नियमित विद्यार्थ्यांच्या संदर्भातील आहे. ऑनलाईन पदवीला त्यातून मान्यता मिळत नाही आणि त्याच्या भरवशावर कोणी तीन वर्षांचे नियोजन करू नये.

तोवर नोकरदाराने डोळे उघडे ठेवून पर्याय निवडावेत. सनद नको, फक्त कायद्याचे ज्ञान वा बढतीसाठी पात्रता हवी असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या विधिविषयक पदविका आणि प्रमाणपत्रे, बंगळूर व हैदराबादच्या राष्ट्रीय विधि संस्थांचे दूरशिक्षण अभ्यासक्रम आणि ‘स्वयम्’वरील पाठ उपयोगी आहेत. त्यांतून वकिली करता येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. सनदच हवी असेल, तर परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीतील महाविद्यालय, मालकाचा लेखी ना हरकत दाखला आणि पाळता येईल अशी हजेरी, या तीन गोष्टी जमल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, हेही विसरू नये. आणि ‘विधि अभ्यासातील पदवी’ अशा मोघम नावाखाली शुल्क मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: या पदवीवर सनद मिळेल, असे लेखी द्याल का? उत्तर टाळले गेले, तर पहिला हप्ता भरण्याची घाई करू नये.