बीकॉमच्या मध्येच पुणे?

सध्या आमच्या नात्यागोत्यात एक प्रश्न फार फिरतोय. पोरगा किंवा पोरगी हिंगोलीत बीकॉमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, अभ्यासात बरी, फायनान्समध्ये करिअर करायचंय. मग एकदम टूम निघते की पुण्याला ट्रान्सफर घ्यायची. का? तर पदवीवर नांदेडच्या विद्यापीठाचं नाव असलं की कंपन्या विचारत नाहीत म्हणे. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी खरं आहे ते मान्य करू. नावाला किंमत आहे, आणि फायनान्समध्ये जरा जास्तच. मोठ्या बँका, फंडवाल्या कंपन्या कॅम्पसला जातात त्या ठराविक ठिकाणीच. हळदीच्या हंगामात आपल्या मार्केट यार्डात व्यापारी येतात, तसे हे लोक हिंगोलीच्या कॉलेजात येत नाहीत. त्यात पोरांचा काहीच दोष नाही, आणि "हुशारी असली की कुठूनही होतं" असं नुसतं म्हणून त्यांची समजूत काढण्यातही अर्थ नाही.

पण मंडळी, नाव कुठलं? नोकरी देणारा बघतो ते शेवटचं नाव. सीए झालेल्या माणसाला बीकॉम कुठून केलं हे सहसा कोण विचारतं? सीएच्या परीक्षेचा पेपर हिंगोलीला आणि पुण्याला एकच. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. २०२३च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप तीनाऐवजी दोन वर्षांची झालीय. एमबीए करायचं असेल तर कॅट आहे. तिथे दहावी, बारावी, पदवीचे मार्क बघतात, पण बीकॉमचं कॉलेज पुण्यातलं की हिंगोलीतलं, याचे वेगळे मार्क नाहीत. म्हणजे खरा दरवाजा पदवीनंतरचा आहे, आणि आपण पैसे मोजतोय अलीकडच्या फाटकाचे.

शिवाय ट्रान्सफर म्हणजे काही एसटीचं रिझर्व्हेशन बदलणं नव्हे. टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी, दोन्हीकडचे विषय जुळतात का त्याची तपासणी, न जुळलेले पेपर पुन्हा, आणि मुळात त्या कॉलेजात जागा रिकामी हवी. २०२१पासून क्रेडिट बँक आली हे खरं. पण क्रेडिट खात्यात जमा असले म्हणून कॉलेज जागा द्यायला बांधील होत नाही. नामवंत कॉलेजात जागा नसतेच, मग "पुण्यातलं कुठलंही चालेल" असं सुरू होतं. इथेच सगळा हेतू संपतो. नावासाठी निघालो आणि नाव नसलेल्या कॉलेजात जाऊन पोचलो! त्या धावपळीत मार्क घसरले तर पुढचा मोठा दरवाजाही किलकिला होतो.

रूम आणि मेस मिळून महिना १०,००० धरा. दोन वर्षांचे झाले २,४०,०००. फी वेगळी. शेतीवर चालणाऱ्या घरात हे पैसे दोनदा उभे राहत नाहीत. आर्टिकलशिपसाठी शहरात राहायची वेळ येईल तेव्हा कुठून आणायचे? माझ्या मते ते तेव्हासाठीच ठेवावेत. तिथे मोठ्या कंपन्यांची ऑडिट्स बघायला मिळतात, ओळखी होतात. शहराचा खरा उपयोग तो.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेब नाही का बाहेर गेले? गेले ना. १९१३ साली कोलंबियाला, १९१६ साली लंडनला. पण त्यांनी तिथून काय आणलं ते बघा. कोलंबियात सेलिगमनसारखे प्राध्यापक, लंडनमध्ये एडविन कॅनन. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक आलं, त्याला कॅनननी प्रस्तावना लिहिली, तीही मतभेद नोंदवून. हे शिक्षण. नुसतं नाव म्हणाल तर १९१७ साली कोलंबियाचं शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. आणि पुढे १९५० साली त्यांनी मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज काढलं ते औरंगाबादेत. तोवर आपल्याकडच्यांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. जवळ कॉलेज असणं ही काय चीज आहे, हे त्या पिढीला विचारायला हवं होतं.

म्हणून माझं मत साधं आहे. बीकॉम इथेच करा, चांगल्या मार्कांनी करा, इंग्रजी आणि एक्सेल पक्कं करा, सीए किंवा कॅटची तयारी आत्तापासून धरा. मग जा, आणि जाल तेव्हा सर्वांत चांगल्या ठिकाणी जा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा हिशोब मला स्वतःलाच टोचतो. "आधी बीकॉम कर, मग बघू" हे वाक्य पोराला सांगितलं तर त्याचा अर्थ "नंतर" असा होतो. पोरीला सांगितलं तर बहुतेक घरांत त्याचा अर्थ "नाही" असा होतो. पदवीचा निकाल आणि स्थळं एकाच महिन्यात येतात. आज पुण्याला जायचा हट्ट धरणाऱ्या पोरीला नावाची हौस असेलच असं नाही. दार बंद व्हायच्या आत बाहेर पडायची तिची धडपडही असू शकते. तिला ट्रान्सफरचे तोटे समजावून सांगणं सोपं आहे, कारण ते खरे आहेत. पण खऱ्या गोष्टीचा वापर खोट्या वचनासाठी होऊ नये.

तेव्हा ज्या आईबापांना माझं म्हणणं पटलंय, त्यांनी एवढं करावं. ट्रान्सफरला लागणारे पैसे आजच पोरीच्या नावावर एफडीत टाकावेत. मुदत बीकॉमच्या निकालाच्या महिन्यापर्यंतची. पावती तिच्याकडे द्यावी. एवढं करायची तयारी नसेल, तर तिला खुशाल आत्ताच पुण्याला जाऊ द्या. माझा वरचा सगळा हिशोब विसरा.