जमलेला संच मोडू नका

आपल्या बडोद्यात वाद्य शिकणारी मुले पुष्कळ आहेत. चौघांत बसून वाजविणारी फार थोडी. मी पेटी शिकवितो, तेव्हा हे विधान माझ्याच वर्गाकडे पाहून करीत आहे. तीन-चार वर्षांत विद्यार्थी एखादा राग नेटका मांडू लागतो, परीक्षा देतो, गणपतीच्या मंडपात एकटा बसून टाळ्याही घेतो. पण शेजारी कोणी व्हायोलिन घेऊन बसले की तो गांगरतो. आपण केव्हा वाजवावे हे त्याला ठाऊक असते. हात केव्हा आवरावा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या संगीताच्या परीक्षा एकट्याने द्यावयाच्या, गुणही एकट्याचे. त्यामुळे इतरांबरोबर वाजविणे हे दुय्यम काम, अशी त्याची समजूत होऊन बसते.

हे शिक्षण खरोखर जेथे मिळते ती जागा म्हणजे चार-पाच स्नेह्यांचा छोटा संच. मुंज, लग्न, बारसे, गौरी-गणपती, एकादशीचे भजन, शेरीतला गरबा, अशा घरगुती कामांवर तो जगतो. त्याची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. असे संच आपल्या शहरात आणि भोवतालच्या गावांत पूर्वी बरेच होते. आता थोडे उरले आहेत. आणि जे उरले आहेत ते मोडावयास आपणच, म्हणजे येथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली आणि गाण्याची जाण असल्याचा अभिमान बाळगणारी मराठी घरे, नकळत हातभार लावीत आहोत. हे एकदा स्पष्ट बोलावे म्हणून हा लेख.

बडोद्याच्या संगीताची गोष्ट निघाली की आपण मोठी नावे घेतो, आणि ती घ्यावीतच. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. सुरसागराजवळ ती आज विद्यापीठाची शाखा म्हणून नांदते आहे. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. फैयाज खाँसाहेब आमच्या दरबारचे गवई. १९५० साली त्यांचे निधन झाले तेही याच शहरात. परंतु दरबार म्हणजे केवळ मैफलीचा गवई नव्हे. कलावंत कारखान्यात गाणारे-वाजविणारे नोकरीस असत. विलायती धर्तीचा बँडही होता. रोज एकत्र बसावयाचे, एकत्र वाजवावयाचे, महिनाअखेर पगार घ्यावयाचा आणि घरी जावयाचे, अशी ती माणसे. त्यांच्या तसबिरी कोठे लागल्या नाहीत.

माझे वडील त्यांतलेच एक. वयाच्या पंधराव्या वर्षी ते बँडात क्लॅरिनेट वाजवू लागले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ च्या मे महिन्यात, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मी त्यांचे शेंडेफळ, उतारवयात झालेला. तेव्हा पुढचा बराच भाग त्यांच्या तोंडून ऐकलेला. दरबारी आधार गेला तसे वडिलांनी आणि बँडातल्या तिघा सोबत्यांनी आपला छोटा संच उभा केला. क्लॅरिनेट, कॉर्नेट, पेटी आणि ढोलक. पादरा, डभोई, पेटलाद, नवसारी, अशा जुन्या संस्थानच्याच गावांतून ते लग्नाला आणि वरघोड्याला जात. हा संच चाळीस वर्षे टिकला. लहानपणी मी जो पाहिला तो त्याचा उतरता काळ.

या संचात बिदागीचे पाच वाटे होत. चार वाटे चौघांना सारखे, आणि पाचवा वाद्यांचा. क्लॅरिनेटची पत्ती चिरली, ढोलकाची पुडी फुटली, पेटीचा भाता उसवला, की खर्च त्या पाचव्या वाट्यातून. कॉर्नेटवाल्यावर लोकांची मर्जी अधिक; वरात रंगात आली की त्याच्या हातात वेगळ्या नोटा पडत. त्याही सामाईक डब्यात जात. कोणास हा भाबडेपणा वाटेल. मला त्यात मोठे व्यावहारिक शहाणपण दिसते. कॉर्नेट उठून दिसतो, कारण ढोलकाने त्याच्याखालची जमीन धरून ठेवलेली असते. एकदा का माणसागणिक वेगळा भाव ठरला, की जो तो आपला आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून वाजवू लागतो आणि गाण्याचे वाटोळे होते. वाटणी कशी आहे हे आठ दिवसांत वाजविण्यातून ऐकू येते.

मित्रांच्या संचाविषयी आपण बोलतो ते थोडेसे गहिवरून. मला गहिवर नको आहे. स्नेह ही येथे कारागिरीची बाब आहे. मार्गशीर्षातल्या लग्नाची थंड रात्र घ्या. क्लॅरिनेट गार असते तेव्हा तिचा सूर किंचित उतरलेला असतो. फुंकीने नळी तापत जाते तसा तो चढतो. पेटीच्या पितळी पत्त्या मात्र जागच्या हलत नाहीत. नवखा पेटीवाला पहिल्यापासून लांब सूर धरून बसतो आणि दोन्ही वाद्ये एकमेकांस खाऊ लागतात. जुना सोबती पहिली दहा मिनिटे तुटक, आखूड वाजवितो, खालच्या सप्तकात मोघम भर घालतो आणि क्लॅरिनेट जागेवर येण्याची वाट पाहतो. पावसाळी हवेत ढोलकाचे कातडे सैल पडले, तर ढोलकवाल्याने नुसती मान वळविली की पेटीवाला एक आवर्तन लांबवितो. तेवढ्यात कड्या ओढून होतात. श्रोत्यांना यातले काहीच कळत नाही. कळू नये म्हणूनच ते केलेले असते.

साठीनंतर वडिलांचा दम कमी पडू लागला. लांब तानेचा शेवट त्यांच्याने होईना. कॉर्नेटवाले काका तो शेवट अलगद उचलून घेत. ऐकणाऱ्यांना तो सवाल-जवाब वाटे आणि ते ‘वाहवा’ म्हणत. एका संध्याकाळीपुरता बोलावलेला वादक, मग तो कितीही तयारीचा असो, हे करू शकेल काय? दुसऱ्याची तान कोठे तुटणार हे आधीच ओळखावयाचे, तर त्याच्या शेजारी बसून वर्षे काढावी लागतात.

आपल्या रंगभूमीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती. ही माणसे एका खेळापुरती भाड्याने आणलेली नव्हती. ती कंपनीत होती. आज आपण त्या साथीचे गोडवे गातो, पण ती कोणत्या व्यवस्थेतून निर्माण झाली याचा विचार करीत नाही.

आणि छोट्या संचाचे सर्वांत दूर गेलेले उदाहरण तर आपल्याच शहरातले आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १८८२ साली बडोद्यात जन्मले. १९१० साली ते धाकटे भाऊ मेहबूब खाँ आणि एक चुलत भाऊ यांच्यासह अमेरिकेस निघाले. पुढे इनायत खाँ सूफी उपदेशक म्हणून जगभर ओळखले गेले. पण प्रारंभी ते तिकडे गेले ते एका लहानशा वादक-गायकांच्या तांड्याचे म्होरके म्हणून. रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमांत साथ करून त्यांनी दिवस काढले. समोरच्या श्रोत्यांना राग ठाऊक नाही, ताल ठाऊक नाही. अशा ठिकाणी सूर खरा लागला की खोटा हे सांगणारे कान आपल्या शेजारच्या भावाचेच. मला वाटते, लहान गावात पोटासाठी वाजविणाऱ्या प्रत्येक संचाची हीच स्थिती असते. वरातीत कोण ऐकतो? सोबती ऐकतो. म्हणून तर वरातीतही नीट वाजवावयाचे.

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. मित्रांचा संच आळसावतो. तीच वीस गाणी, तेच ठेके. एकाची लय धावते हे सर्वांना माहीत, पण मैत्रीखातर कोणी बोलत नाही. असे संच मी ऐकले आहेत, आणि त्यांची तरफदारी मला करावयाची नाही. परंतु हा दोष मैत्रीचा नसून तालमीच्या अभावाचा आहे. ज्या संचास आठवड्यातून एकदा बसावयास जागा मिळते, तेथे बोलणी होतात, भांडणेही होतात. वडिलांच्या संचात एका मात्रेवरून दोघांनी महिनाभर अबोला धरला होता. या काळात कामावर मात्र दोघेही वेळेवर हजर. परक्या वादकाशी आपण भांडत नाही, त्याला पुढच्या वेळी बोलावीत नाही. सुधारणा त्या भांडणाने होते. न बोलावण्याने होत नाही.

आता आजची गोष्ट. आमचा संच चौघांचा, वीस वर्षांहून जुना. क्लॅरिनेट, व्हायोलिन, ढोलक आणि माझी पेटी. दोघे दक्षिणी, एक गुजराती, एक मुसलमान. नवरात्रात शेरीत गरबा वाजवितो, गणपतीत भजने, लग्नसराईत जे पडेल ते. आमच्यापैकी तिघांना दुसरे उत्पन्न आहे, ढोलकवाल्याला नाही. त्याचे घर ढोलकावर चालते. या वर्षी आमच्याकडे जी निमंत्रणे आली त्यांतली काही अशी होती: ‘तुम्ही दोघे या, ठेका आम्ही यंत्रावर लावू.’ घरे परकी नव्हती. ज्यांच्या आजोबांनी माझ्या वडिलांच्या संचास वाड्यात पंगतीला बसविले, अशीही घरे त्यांत होती.

यंत्रास माझा विरोध नाही. हजारो माणसे एका मैदानात गरबा खेळतात तेथे मोठे ध्वनिक्षेपक लागणार, तयार ठेकेही लागणार. पण साठ माणसांच्या मुंजीत फोनवरचा कहरवा आणि त्यावर दोन जिवंत माणसे, हा काय प्रकार आहे? यंत्र लय सोडत नाही, ही त्याची थोरवी सांगतात. परंतु ते कोणासाठी थांबतही नाही. बटूच्या आजीने मध्येच एक जुने पद म्हणावयास घेतले आणि तिचा श्वास अर्ध्या ओळीत संपला, तर ढोलकवाला तिच्यासाठी थांबेल. यंत्र पुढे निघून जाईल.

अशी निमंत्रणे आम्ही नाकारली. नाकारावयाचे ठरले तेव्हा ढोलकवालाच म्हणाला, ‘तुम्ही जा, माझ्यासाठी काम कशाला घालविता?’ आम्ही गेलो नाही. पण या निष्ठेची किंमत चौघांना सारखी पडली नाही, हे येथे लिहिलेच पाहिजे. आम्हा तिघांची एक संध्याकाळ मोकळी गेली. त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला. पुढे-मागे तो एखाद्या मोठ्या कंत्राटदाराकडे रोजाने जाऊ लागला, तर त्यास बोल लावण्याचा अधिकार कोणास असेल? असे संच भांडणाने क्वचितच मोडतात. चौथ्या माणसाचे पैसे वाचविले, की उरलेल्या तिघांची मैत्री राहते आणि संच संपतो.

म्हणून जुन्या घरांना माझे सांगणे चार गोष्टींचे आहे. पहिली: संच बोलवावयाचा तर पुरा बोलवा. बजेट कमी असेल तर तसे मोकळेपणाने सांगा, वेळ कमी करा. माणूस कमी करू नका. दुसरी: वादकांना एकमेकांचे ऐकू येईल असे जवळजवळ बसवा, शोभेसाठी मांडवाच्या दोन टोकांना नको. तिसरी: दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत ज्यांच्या जुन्या घरांत एखादी खोली वा ओसरी रिकामी पडून आहे, त्यांनी ती आठवड्यातून दोन तास एखाद्या संचास तालमीला द्यावी. चौथी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी: विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर बसवावे, आणि दोघांना मिळून एकच शेरा द्यावा. माझ्या वर्गात मी हे या वर्षापासून करीत आहे. पालकांच्या तक्रारी येतात की आमच्या मुलाचे गुण दुसऱ्यामुळे गेले. त्यांना मी सांगतो, ‘आणखी सहा महिने थांबा.’

भाद्रपद तोंडावर आला आहे. घरोघर आरत्यांचे, भजनांचे बेत ठरू लागतील, आणि वादकांना फोन जातील. त्या वेळी ‘किती माणसे आणता?’ असे विचारण्याऐवजी ‘तुमच्यात किती माणसे आहेत?’ असे विचारावे, एवढीच विनंती.