लीला राव आणि खेळाचा तास

जून महिन्यात शाळांचे नवे वर्ष सुरू होते आणि महिनाअखेरीस विम्बल्डनच्या सामन्यांचे वेध लागतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आपल्याकडे सहसा कोणास वाटत नाही. तो आहे, हे लीला राव यांच्या कारकिर्दीवरून ध्यानात यावे.

१९३४ साली विम्बल्डनच्या महिला एकेरीत लीलाबाईंनी ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांचा ४-६, १०-८, ६-२ असा पराभव केला. पहिला सेट गमावल्यावर दुसरा अठरा गेमपर्यंत झुंजून त्यांनी सामना फिरविला आणि त्या स्पर्धेत सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढच्या फेरीत त्या हरल्या. पण १९६८ नंतरच्या खुल्या युगात कोणत्याही ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय महिलेचा पहिला विजय पाहण्यास १९९८ साल उजाडावे लागले. तो निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियात मिळविला.

लीलाबाईंच्या मातोश्री म्हणजे पंडिता क्षमा राव. अथर्ववेदाचे सायणभाष्यासह संपादन करणारे शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. क्षमाबाईंनी गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ रचली. ज्ञानेश्वर, तुकाराम व रामदास यांची चरित्रे संस्कृत पद्यात लिहिली. त्या स्वतःही टेनिस उत्तम खेळत. लीलाबाईंनी पुढे मातोश्रींच्या कथांना नाट्यरूप दिले आणि भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. खेळाने अभ्यास बुडतो, या आपल्या लाडक्या समजुतीला याहून सडेतोड उत्तर कोणते?

यावर कोणी म्हणेल, ‘ते मुंबईतील संपन्न डॉक्टरांचे घर, सामान्यांना त्याचे काय?’ आक्षेप खरा आहे. त्या काळी टेनिस हा जिमखान्यांचा खेळ होता आणि आजही तो स्वस्त नाही. परंतु या आक्षेपातूनच आपले कर्तव्य स्पष्ट होते. लीलाबाईंना घराने जे दिले, ते सामान्य घरच्या मुलीला शाळेनेच दिले पाहिजे. गुणवत्ता श्रीमंतांच्या अंगणातच उगवते असे नाही, हे आपल्या नाशिक जिल्ह्याला तरी सांगावयास नको. हरसूल परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले.

असे असता शाळाशाळांतून काय दिसते? वेळापत्रकात खेळाचा तास असतो. पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला किंवा इंग्रजीला उसना दिला जातो आणि ही उसनवारी कधी फिटत नाही. मुलगी दहावीत गेली की घरचेच तिचे मैदान बंद करतात. यात एकट्या शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. निकालाच्या टक्केवारीवर शाळेची किंमत ठरविणारे आपण पालकही त्यात तितकेच भागीदार आहोत.

टेनिसकोर्ट प्रत्येक शाळेला परवडणार नाही. मोकळी जागा, एखादी जाळी आणि आठवड्यातील दोन अभंग तास एवढे तरी परवडावेत. त्यातून विम्बल्डन गाठणारी एखादीच निघेल. कदाचित निघणारही नाही. पण पहिला सेट गमावल्यावर दुसरा चिकाटीने खेळावयाचा असतो, हे ज्या वयात अंगी बाणते, त्या वयात मुलींच्या हातून रॅकेट काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?