कोरेज्मात सुंगटे चालतात, पंधरा मिनिटे चालत नाहीत

राखेचा बुधवार उलटला की आमच्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत एकच चर्चा सुरू होते: यंदा कोरेज्मात काय सोडलेस? कोणी दारू सोडतो, कोणी मटण, एखादी कॉलेजकन्या चॉकलेट सोडते. मटण सोडणारे गृहस्थ शुक्रवारी सुंगटांच्या कढीवर आडवा हात मारतात आणि त्याला उपवास म्हणतात. मीही मारला आहे, खोटे कशाला बोलू? पण यातल्या कोणालाही विचारा, की बाबा, रोज प्रार्थनेला किती वेळ बसतोस? उत्तर ठरलेले: "वेळ कुठे मिळतो?"

या उत्तराचा मला आता राग येतो. वीसेक वर्षे मी स्वतः तेच देत होतो, म्हणून जरा जास्तच येतो.

राग यायला कारण झाले मंचेरियल. दोन वर्षांपूर्वी ऐन कोरेज्मात कामानिमित्त तिथे चार दिवस राहावे लागले. बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे, गोदावरीकाठचे हे गाव. आसपास सिंगरेणीच्या कोळसा खाणी. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, 2016 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. आदिलाबादच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचे बिशपही इथेच असतात. 1999 पर्यंत हा भाग चांदा धर्मप्रांतात मोडत होता, म्हणजे मराठी मुलखाशी नाते जुनेच. या लोकांचा उपवासकाळ आपल्यासारखा बुधवारी नव्हे, सोमवारी सुरू होतो. आपण रविवार वगळून चाळीस दिवस मोजतो, त्यांच्या परंपरेत पन्नास.

ज्यांच्याकडे मी जेवायला जात असे ते गृहस्थ भूमिगत खाणीत कामाला. घराणे मूळचे राजुऱ्याकडचे. (राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक आहे?) खाणीत तीन पाळ्या. या आठवड्यात सकाळची, पुढच्या आठवड्यात दुपारची, मग रात्रीची. झोपेचा पत्ता नाही, जेवणाला ठरलेली वेळ नाही. आणि हा माणूस प्रत्येक पाळीला निघण्याआधी पंधरा मिनिटे घरच्या क्रुसासमोर बसतो. पाळी पहाटेची असली तर पहाटे चारलाच उठून, रात्रीची असली तर रात्री जेवण आटोपून. कधी कधी बसल्या बसल्या डोळा लागतो, हेही त्यांनीच हसत सांगितले. मी आपली सवयीची कैफियत मांडली, की आम्हाला वेळच मिळत नाही हो. ते म्हणाले, "वेळ भेटत नाही भाऊ, घ्या लागते."

रागावले नव्हते. भात वाढता वाढता म्हणाले. मी मात्र पुढचा घास गिळेपर्यंत वर पाहिले नाही.

आता आपला हिशेब पाहा. रोजची पंधरा मिनिटे, चाळीस दिवसांची मिळून दहा तास होतात. आयपीएलचे तीन सामने! आणि आयपीएल बहुतेक वर्षी कोरेज्म संपण्याआधीच सुरू झालेले असते. तिथे वेळ नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

यावर दोन युक्तिवाद हमखास येतात. पहिला, काम हीच प्रार्थना. ऐकायला भारदस्त आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय उघडा. संध्याकाळी सगळे गाव दारात लोटले, येशूने आजारी माणसांना बरे केले, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून तो एकटा प्रार्थनेला निघून गेला. त्याच्याहून आपले काम मोठे आहे काय? दुसरा युक्तिवाद, आमची प्रार्थना मनात चालूच असते. असेल. पण बायकोवर मनातल्या मनात प्रेम करतो म्हणून घरी कधी बसत नाही, असे सांगणाऱ्या नवऱ्याचे ऐकून घेणारी बायको मला दाखवा.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात दान, प्रार्थना, उपवास अशी तिन्ही कर्तव्ये येतात. आपण त्यातला उपवास उचलला, त्यातही ताटापुरताच. दोष एकट्या भाविकांचा नाही. काय सोडा हे सांगणारी प्रवचने मी पुष्कळ ऐकली, पण किती वेळ बसता हे विचारणारे प्रवचन क्वचितच.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी आंजेलुसची घंटा झाली, शेजारच्या हिंदू घरी तुळशीपुढे दिवा लागला, की आमच्या घरी तेर्स सुरू होई. माय पाठ फिरवून चुलीकडे गेली तरी तिचे ओठ हलत असायचे. वेळ काढायची गरज नव्हती, कारण तो तास कोणी दुसऱ्या कशाला दिलेलाच नव्हता. मग टीव्ही आला. आमच्या घरात तेर्स कोणी बंद केले नाही. आधी ते मालिकेनंतर होऊ लागले, मग रविवारी, आणि मग आठवण म्हणून उरले. तो टीव्ही मीच आणला होता, माझ्या पहिल्या बोनसमधून. माय काही बोलली नाही.

यंदा मी काही सोडलेले नाही. पहाटे पाचला गजर लावतो आणि मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून बैठकीच्या खोलीत बसतो. पहिले तीन दिवस मन सारखे बाजाराच्या यादीकडे जात होते. गेल्या मंगळवारी डोळा लागला आणि जाग आली ती पाववाल्याच्या भोंग्याने. आणि शुक्रवारी घरी सुंगटांची कढी झाली, मी खाल्ली.