वेलीच्या कवेत

पुष्पप्रदर्शनाला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्ही आजीसह सगळे गेलो, ते एका साध्या रविवारी. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही ३९ एकरांची बाग सांभाळते. भर शहरात इतकी दाट सावली, हे मला मोठेच भाग्य वाटते.

धाकटीने एका जुनाट वेलीला मिठी मारली. तिच्या कवेत ती मावेना. दोरखंडासारखा पीळ पडलेला, हाताला खरखरीत लागणारा तो बुंधा वर पार शेंड्यापर्यंत गेलेला. आजी म्हणाली, “कान लाव, मुंग्या चालल्यात बघ.” दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. डब्यातल्या पोळ्या गार झाल्या.

वाचकहो, या महिन्यातला एक रविवार जवळच्या झाडांना द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या.